‘शेतकरी’ म्हटलं की कोण दिसतं?

शब्दाचा अर्थ माणसाच्या डोक्यात राहतो की माणसामाणसांतल्या व्यवहारात, हा तत्त्वज्ञांचा प्रश्न समजला जातो. यवतमाळ जिल्ह्यात तो रोजच्या पोटापाण्याचा आहे. कापूस ‘कोरडा’ की ‘ओला’, साल ‘दुष्काळाचं’ की ‘दुष्काळसदृश’, आत्महत्येनं गेलेल्या माणसाचं प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे ज्या दिवशी ठरतं त्या दिवशी एखादं घर सावरतं किंवा मोडतं. म्हणून हा वाद तिथल्याच नेर परसोपंतच्या एका ओसरीवर मांडला आहे. मामा मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, आता वावरात लक्ष घालणारे. भाची पुण्यात भाषा आणि मेंदू यांच्या संबंधाचा अभ्यास करणारी. माणसं रचलेली आहेत. ती ज्या गोष्टींवरून वाद घालतात त्या खऱ्या आहेत.

मामा : तर तुझं म्हणणं असं की अर्थ मेंदूत असतो.

भाची : दुसरीकडे कुठे असणार, मामा? ‘पऱ्हाटी’ असा आवाज तुमच्या कानावर पडतो. हवेत असतो तो नुसता आवाज. पात्या, बोंडं, सुकलेल्या बोंडाची बोटांना ओरबाडणारी टोकं, वेचणीच्या दिवसांतली कंबरदुखी, हे सगळं तुमच्या डोक्यात जागं होतं. २०१६ साली बर्कलीच्या संशोधकांनी सात जणांना दोन तासांहून जास्त वेळ गोष्टी ऐकवल्या आणि ऐकताना त्यांच्या मेंदूत कुठे कुठे हालचाल होते ते एफएमआरआय यंत्रावर टिपलं. माणसांविषयीचे, नात्यांचे शब्द आले की काही ठिकाणं जागी होत, आकडे आले की दुसरी, स्पर्शाचे शब्द आले की तिसरी. असा अर्थाचा नकाशाच तयार झाला. तो मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांवर पसरलेला होता आणि सातही जणांचे नकाशे पुष्कळसे एकमेकांसारखे निघाले.

मामा : सातही जण एकच भाषा बोलणारे, जवळपास सारखंच शिकलेले असतील. समाजानं त्यांना सारखं बोलायला शिकवलं म्हणून त्यांचे नकाशे सारखे निघाले, असं का म्हणू नये?

भाची : ही शंका त्या संशोधकांनीही बोलून दाखवली होती.

मामा : मग माझी बाजू ऐक. ती माझ्याहून फार जुनी आहे. लेकरू शब्द कसा शिकतं, यावर आपल्या मीमांसकांनी बारकाईनं विचार केला. घरातला वडीलधारा कोणाला तरी सांगतो, गाय आण. तो गाय आणतो. लेकरू बाजूला बसून पाहत असतं. मग वडीलधारा म्हणतो, गाय बांध. नंतर म्हणतो, घोडा आण. कोणता शब्द तसाच राहिला, कोणता बदलला आणि त्याबरोबर काम कुठे बदललं, हे ताडत ताडत लेकरू शब्द आणि वस्तूची जोडी लावतं. याला ते वृद्धव्यवहार म्हणतात. आता यात लेकराच्या डोक्यात काय चित्र उमटलं, असं कोणी विचारतं का? उद्या ‘गाय आण’ म्हटल्यावर ते गाय आणतं, घोडा आणत नाही, एवढं पुरतं. अर्थ व्यवहारात दिसतो, व्यवहारात तपासला जातो आणि चुकला तर व्यवहारातच दुरुस्त होतो.

भाची : पण जोडी लावणारं लेकरूच ना? ओसरीवरची मांजरही तेच सगळं ऐकते, पाहते, तिला काही शब्द येत नाहीत. आणि एकाच शब्दाची जोडी दोन डोकी दोन तऱ्हांनी लावतात. १९८५ साली लँडाऊ आणि ग्लाइटमन या दोन अमेरिकन संशोधक बायांनी एका अंध मुलीच्या भाषेवर पुस्तक लिहिलं. तिला ‘वर बघ’ म्हटलं की ती मान न हलवता हात वर करायची. तिच्या वयाच्या डोळस मुलांचे डोळे बांधून त्यांना तेच सांगितलं, तर त्यांनी तोंड वर केलं. डोळ्यांवर पट्टी असूनही! त्या मुलीसाठी ‘बघणं’ म्हणजे हातानं चाचपून जाणणं. शब्द एकच, पण डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी.

मामा : आणि तिच्या आईनं ‘मला दाखव’ म्हटलं की ती काय करायची?

भाची : आईला दिसेल अशी वस्तू धरायची. दुसऱ्यांचं ‘बघणं’ लांबूनही होतं, आड काही आलं की होत नाही, हे तिला कळत होतं.

मामा : झालं तर! तिच्या डोक्यातलं ‘बघणं’ हाताचं, आईच्या डोक्यातलं डोळ्यांचं. तरीही दोघींचं बोलणं अडलं नाही. म्हणजे डोक्यातल्या गोष्टी निराळ्या असूनही अर्थ वाटून घेता येतो. याचाच अर्थ वाटला जातो तो अर्थ डोक्यातली गोष्ट नाही.

भाची : किंवा असा की एक डोकं दुसऱ्या डोक्याचा अदमास घेऊ शकतं. तिनं आईच्या मनात काय चालत असेल ते ताडलं. हे काम व्यवहारानं केलं नाही, मनानं केलं.

मामा : बरं, पोथी बाजूला ठेवू, बाजारात जाऊ. बाजार समितीच्या आवारात कापसाची गाडी उभी आहे. कास्तकार म्हणतो, माल कोरडा आहे. त्याचा ‘कोरडा’ कुठून आला? तो गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस काढून दाबतो. मूठ उघडली की कापूस फुलून वर येतो का ते बघतो. मग एक सरकी दाताखाली धरतो. कडकन फुटली तर कोरडा, चिवटपणे दबली तर ओल आहे. चाळीस वर्षांचा ‘कोरडा’ त्याच्या तळहातात आणि दाढेत आहे. समोरचा ग्रेडर गाडीत यंत्राची सळई खुपसतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओल ८ टक्के धरून हमीभाव असतो. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात, १२च्या वर माल परत. यंत्रावर १३ आलं, तर त्या आवारात तो कापूस ‘ओला’. कास्तकाराच्या डोक्यात काय आहे, ग्रेडरच्या डोक्यात काय आहे, याला तिथं किंमत नाही.

भाची : हे तर तुम्ही हिलरी पटनमचंच बोलताय. १९७५ साली त्यानं लिहिलं की अर्थ डोक्यात नसतातच. एल्म आणि बीच ही दोन झाडं त्याला स्वतःला वेगळी ओळखता येत नव्हती. त्याच्या डोक्यात दोघांचं चित्र एकच. तरी तो ‘एल्म’ म्हणाला की ते एल्मलाच लागू, कारण समाजात झाडं ओळखणारे कोणी तरी आहेत आणि बाकीचे त्यांच्या भरवशावर शब्द वापरतात. सोनं कसोटीवर लावणारा एखादा सराफ असतो, त्याच्या जिवावर सगळा गाव ‘सोनं’ म्हणतो. भाषेतही कामं वाटलेली असतात, असं त्याचं म्हणणं.

मामा : मग मान्य कर ना!

भाची : अर्धं मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मला एक विचारू द्या. भाषेतली कामं वाटली म्हणजे सत्ताही वाटली गेली. ‘सोनं’ कोणाला म्हणायचं ते सराफ ठरवतो, ‘कोरडा’ ते यंत्र ठरवतं. ‘शेतकरी’ कोणाला म्हणायचं ते कोण ठरवतं?

मामा : सातबारा.

भाची : म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला गाव नमुना. सातमध्ये जमीन कोणाच्या हक्काची, बारामध्ये तिच्यावर कोणतं पीक. हातात विळा कोणाच्या, पाठीवर पंप कोणाच्या, हे त्यात कुठे येतं?

मामा : येत नाही.

भाची : आता माझी बाजू ऐका. एलेनॉर रॉश या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की आपलं मन शब्दाची व्याख्या पाठ करून ठेवत नाही. ते एक ठळक नमुना धरून ठेवतं आणि बाकीच्यांना त्याच्यापासूनच्या अंतरानं मोजतं. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं तर रॉबिन हा पक्षी अगदी ‘पक्षी’ वाटतो, शहामृग कमी वाटतो. दोन्ही पक्षीच, तरी. आता तुमच्या शाळेतल्या पोरांना ‘शेतकरी काढा’ म्हणून सांगा. काय काढतील?

मामा : पागोटं, धोतर, दोन बैल.

भाची : बाई?

मामा : (थांबून) भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून येणारी.

भाची : आणि प्रत्यक्षात सरकी टोचते कोण, निंदण करते कोण, कापूस वेचते कोण? वेचणीच्या दिवसांत नेरच्या कुठल्याही वावरात उभं राहा, ओळींमध्ये वाकलेल्या बायाच दिसतील. तुमच्या सातबाराला डोकं नाही असं तुम्ही म्हणाल. पण त्यावर कोणाचं नाव लागतं? २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती बायांची होती. डोक्यातलं चित्र कागदावर उतरलं, कागदानं चित्र पक्कं केलं. अर्थ नुसता बाहेर असता, तर हे झालं नसतं.

(मामी सुपात तूर घेऊन ओसरीवर येतात.)

मामी : पेरनीपासून वेचनीलोक मी वावरातच रायतो. बँकेत फॉर्म भरला तवा त्या बाबूनं मले इचारलंच नाही. ‘घरकाम’ लेहलं अन् सई घेतली. इचारलं असतं त सांगतलं असतं ना.

भाची : मामा, हे ऐकलंत? ‘शेतकरी’ या शब्दाबद्दल सगळ्यांत जास्त जिला ठाऊक, तिलाच कोणी विचारलं नाही.

मामा : ऐकलं. पण यातून माझंच म्हणणं खरं ठरतं. त्या बाबूच्या डोक्यात काय चित्र होतं त्यानं मामीचं नुकसान झालं नाही, रकान्यात काय लिहिलं गेलं त्यानं झालं. मला चित्रं बदलण्याआधी रकाने बदललेले हवेत. २०१६चं घे. आदल्या सालचा खरीप बुडाला, पिकाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली आणि तरी सरकारी कागदात ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ लिहिलेलं. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण चालू होतं. मे महिन्यात सरकारनं आदेश काढला की ‘दुष्काळसदृश’ लिहिलंय तिथे ‘दुष्काळ’ वाचावं. २९ हजारांहून अधिक गावं त्यात आली. त्या दिवशी पाऊस पडला नाही, कोणाच्या मनातलं दुष्काळाचं चित्रही बदललं नाही. गावं मात्र एका शब्दातून दुसऱ्या शब्दात गेली.

भाची : पण तो आदेश निघाला कशामुळे? ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांच्या मनात ‘दुष्काळ’ आधीच होता म्हणून. त्यांच्यासाठी कोणी कोर्टात गेलं, ओरड झाली, तेव्हा कागद हलला. मनातला अर्थ पुढे होता, कागद मागून आला.

मामा : दर वेळी मन पुढे असतं असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६मध्ये चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावानं करून द्यायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी तसं केलं. त्या पुरुषांच्या मनातलं ‘शेतकरी’चं चित्र आधी बदललं आणि मग त्यांनी सही केली, असं मला नाही वाटत. पुष्कळांनी संघटनेच्या शब्दाखातर सही केली असेल. पण एकदा सातबारावर नाव चढलं की तलाठी त्या बाईला नावानं ओळखतो, सोसायटी तिला नावानं हाक मारते, पोरं ती हाक ऐकतात. मग चित्र बदलतं.

भाची : आणि दिल्लीचा कागद? स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगानं २००६पर्यंत अहवाल दिले. त्यानंतरच्या २००७च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात ‘शेतकरी’ची व्याख्या किती मोकळी आहे! जमीन असणारा, मक्त्यानं कसणारा, बटईवाला, शेतमजूर, मेंढपाळ, मासेमार, मधमाश्या पाळणारा, सगळे त्यात. त्याच स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं विधेयक आणलं, ते मंजूर न होताच संपलं. धोरणातली व्याख्या पुस्तकात राहिली. पीककर्जाला अजून सातबाराच लागतो. कागद बदलून अर्थ बदलत असता, तर २००७मध्येच बदलला असता.

मामा : कारण तो रोजच्या वापरातला कागद नव्हता. पतंजलीनं महाभाष्यात म्हटलंय की मडकं हवं असेल तर माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवे म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही. धोरणकर्त्याच्या घरीही जात नाही. शब्द वापरात घडतो.

भाची : या एका मुद्द्यावर आपण भेटतो. क्लार्क आणि विल्क्स-गिब्ज या दोघांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं, मध्ये पडदा. दोघांजवळ त्याच बारा विचित्र आकृत्यांची चित्रं. एकानं वर्णन करायचं, दुसऱ्यानं त्या क्रमानं चित्रं लावायची. पहिल्या फेरीत एकेका आकृतीला लांबलचक वर्णन लागतं. समोरचा मध्येच विचारतो, ‘ती बर्फावर घसरल्यासारखी दिसते, तीच का?’ पहिला म्हणतो, ‘हो, तीच.’ असं करत सहाव्या फेरीत दोनचार शब्दांत काम भागतं. नाव कोणा एकाच्या डोक्यात तयार नव्हतं, कुठल्या शब्दकोशातही नव्हतं. ते दोघांनी मिळून घडवलं.

मामा : म्हणजे व्यवहारात घडलं.

भाची : दोन मनांच्या व्यवहारात, मामा. आणि खरी गोष्ट पुढे आहे. तीन वर्षांनी शोबर आणि क्लार्क यांनी आणखी एक माणूस त्यात आणला. तो सगळं बोलणं पहिल्या शब्दापासून ऐकतो, त्यालाही चित्रं लावायची असतात, पण त्याला विचारायची मुभा नाही. ‘कोणती?’ म्हणता येत नाही, ‘थांब’ म्हणता येत नाही. शब्द तेच, भाषा तीच, ऐकणंही पूर्ण. तरी त्याच्या चुका जास्त झाल्या. का? कारण त्या नावांच्या घडणीत त्याचा वाटा नव्हता.

मामा : (बराच वेळ गप्प राहून) आपल्याकडे ‘शेतकरी’ या शब्दाच्या बाबतीत तो तिसरा माणूस कोण, ते सांगायला नको.

भाची : मामी आहे. मक्त्यानं दहा एकर कसणारा आहे, ज्याच्या नावावर गुंठाभर नाही. आत्महत्या झाली तर सरकारची १ लाखाची मदत आहे. २००६च्या शासन निर्णयानुसार जमीन त्याच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावावर हवी, कर्ज मान्य ठिकाणाहून घेतलेलं हवं, तरच प्रकरण ‘पात्र’. परक्याचं वावर कसून, नातेवाइकाकडून उसने आणून पेरणी केलेला माणूस गेला, तर तो ‘अपात्र’. आपल्याबद्दलचं सगळं बोलणं तो जन्मभर ऐकत होता, पण त्याला ‘थांबा’ म्हणायची जागा कुठेच नव्हती.

मामा : म्हणून २०१९चा जानेवारी मला मोठा वाटतो. यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर उभं ठेवलेल्या. त्या जागी त्यांना बोलावणं एका वादातून आलं, हे खरं. पण शब्दांच्या सगळ्यांत मोठ्या मंचावर, ज्यांच्याविषयी आपण नुसतं लिहीत होतो त्यांच्यातली एक बाई पहिली बोलली.

भाची : एक भाषण म्हणजे एक फेरी झाली, मामा. प्रयोगात सहा लागल्या.

मामा : खरं आहे. तुझं नि माझं एक मात्र अजून जुळलेलं नाही. तू म्हणशील, आधी मनातलं चित्र दुरुस्त करा. पाठ्यपुस्तकातला शेतकरी बदला, पोरांना वावरात नेऊन कोण काय करतं ते बघायला लावा. मी म्हणीन, आधी रकाना बदला. मक्तेदाराची नोंद होऊ द्या, बाईचं नाव चढू द्या. चित्र मागून येईल.

भाची : क्रमाबद्दल मी तुमच्याशी वाद घालतच राहीन. कारण रकाना भरणारा हात कोणाचा तरी असतो आणि त्या हातामागं चित्र असतंच. पण त्यातल्या त्यात एक कसोटी आपल्या दोघांना चालेल. एखादा शब्द आपण सगळे एकाच अर्थानं वापरतो की नाही, हे मेंदूच्या नकाशावरून कळणार नाही आणि शासन निर्णयावरूनही कळणार नाही. तो शब्द ज्याच्याविषयी आहे त्याला, ‘हे माझ्याबद्दल नाही’ किंवा ‘यात मीही आहे’ असं म्हणता येतं का आणि त्यानं म्हटल्यावर ऐकणाऱ्याला आपलं वाक्य बदलावं लागतं का, ते बघायचं. लागत असेल, तर अर्थ वाटला गेला. नसेल, तर शब्द एकाचा आणि त्याची किंमत दुसऱ्यानं मोजायची.

मामा : कसोटी मान्य. ती लावायचीही नेरमध्येच. बाजार समितीत कास्तकाराला ‘पुन्हा मोजा’ म्हणता येतं का? पीक पाहणीत कसणाऱ्याला ‘हे पीक माझं’ म्हणता येतं का? बँकेच्या फॉर्मवर मामीला स्वतःचा रकाना स्वतः सांगता येतो का?

मामी : मले त्या फॉर्मावर ‘शेतकरी’ लेहून पायजे. कवा जायचं ते सांगा.

मामा : सोमवारी. आणि बाबूनं सातबारा मागितला तर तलाठ्याकडेही जाऊ. तुमचं नाव लावायला काय काय कागद लागतात, ते तिथंच विचारू.